पलस्तर कुठाय?

गुहागरच्या पाखाडीवर पावसाळ्यात कसलं शेवाळ धरतं, ते ऐकून होतो. डाव्या खांद्यावर आपटल्यावर प्रत्यक्ष ओळखही झाली. 'कट्' असा आवाज आला. बायको म्हणाली, "अहो, छत्री मोडली वाटतं." छत्री धडधाकट होती.

चिपळूणच्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीसमोर धरली. गळ्याखालून खांद्याकडे जाणारं ते नागमोडी हाड मधोमध तुटलं होतं आणि वाटणी झालेल्या भावांसारखी दोन्ही टोकं एकमेकांकडे पाठ करून बसली होती. "हात धडाला हाडानं जोडलाय तो एवढ्याच ठिकाणी," डॉक्टर म्हणाले. "खांद्यावर पडलात की सगळा भार इथं. बहुतेकांचं मधेच तुटतं."

"मग प्लास्टर?"

"कुठं घालू? छातीला? मग श्वास कसा घेणार?"

टोकं फारच लांब गेली असती, तर पट्टी आणि स्क्रू घालून ऑपरेशन करावं लागलं असतं. माझं वैर तेवढं विकोपाला गेलेलं नव्हतं. म्हणून हात गळ्यात अडकवायची एक निळी झोळी, जिला मेडिकलवाला 'पाऊच' म्हणतो, वेदनाशामक गोळ्या, बर्फ आणि सहा ते बारा आठवड्यांचा धीर एवढं घेऊन आम्ही पुण्याच्या गाडीत चढलो.

डावं हाड मोडलेल्या माणसानं गाडीत बसावं कुठं, हा प्रश्न कुठल्याच डॉक्टरला पडत नाही. डावीकडची खिडकी घेतली, तर प्रत्येक खड्ड्याला खांदा पत्र्यावर. उजव्या बाजूला कडेची सीट घेतली, तर उभ्या उतारूंच्या पिशव्या खांद्यावर. राहिली उजवीकडची खिडकी. तिथं डाव्या खांद्याला शेजारी असतो. माझ्या शेजारचे काका सुकी मासळी घेऊन साताऱ्याला निघाले होते. पोफळी येईस्तोवर त्यांची मान डुलायला लागली आणि कुंभार्ली घाटात तिनं माझा डावा खांदा मुक्कामाला पसंत केला. गाडी उजवीकडे वळली की मी काकांकडे, डावीकडे वळली की काका माझ्याकडे. ओरडायचं कोणी, एवढंच वळणागणिक ठरत होतं. मागच्या सीटवरच्या बायकोनं पुढं वाकून त्यांना तीनदा जागं केलं. चौथ्यांदा तीच झोपली.

कोयनानगरला चहाला उतरलो, तर भाच्याचा फोन. "मामा, काही नसतं हो ते! 2003 च्या टूर द फ्रान्समध्ये सायकलपटू टायलर हॅमिल्टनचं हेच हाड पहिल्याच टप्प्याला मोडलं. तरी पठ्ठ्यानं शर्यत पुरी केली, चौथा आला!" याच हॅमिल्टननं पुढे बंदी असलेली औषधं घेत असल्याची कबुली दिली, हे भाचा सोयीस्कर विसरला. माझी सगळी भिस्त पॅरासिटामॉलवर होती.

पाटणला पांढऱ्या टोपीतले एक मामा चढले आणि माझ्यासमोर दांडी धरून उभे राहिले.

"पावनं, हाताला काय झालं वो?"

"हाड मोडलंय."

"मग पलस्तर कुठाय?"

"या हाडाला घालत नाहीत."

"मग मोडलंच न्हाई. लचकलंय." मामांनी निकाल दिला. "आमच्या गावात एक म्हातारा हाय, एका झटक्यात बसवतुया." आणि झटका कसा असतो ते दाखवायला त्यांनी हात पुढं केला. आमच्या सौभाग्यवती नेमक्या त्याच वेळी जाग्या झाल्या आणि त्यांनी मधे पर्स घातली. या जन्मीचे सगळे उपकार त्या एका पर्सवर फिटले.

मग अख्ख्या गाडीनं माझी केस हातात घेतली. कोणी डिंकाचे लाडू सांगितले, कोणी कांडवेल बांधायला. उंब्रजपर्यंत मला प्लास्टर न घालणारा तो डॉक्टर बोगस असल्याचं बहुमतानं ठरलं. खरं तर सगळ्यात कामाचं त्यानंच सांगितलं होतं: पहिल्या रात्री उशा लावून अर्धवट बसून झोपा, बोटं, मनगट आणि कोपर हलवत राहा, नाहीतर आखडतील. हाताला बधिरपणा आला, धाप लागली किंवा हाडाचं टोक कातडीला आतून टोचायला लागलं, तर मात्र घरी बसू नका. एवढं सांगायचं म्हटलं, तर ऐकायला कोण रिकामं होतं?

हाड पुढे यथावकाश जुळलं. जुळल्या जागी एक टेंगूळ राहिलंय, ते तसंच राहायचं. वाचकहो, गाडीत झोळीवाला माणूस शेजारी आला, तर त्याला सल्ला खुशाल द्या, फक्त झोपू नका.