घराची पूररेषा

लहान मूल असलेल्या घरात कुठली वस्तू कुठे ठेवायची हे त्या वस्तूच्या उपयोगावरून ठरत नाही, उंचीवरून ठरते. मुलाचा हात जिथवर पोचतो तिथवर एक न दिसणारी रेघ सगळ्या भिंतींवरून, कपाटांवरून आणि ओट्यावरून फिरलेली असते. नदीकाठच्या गावाला पूररेषा असते, तशीच ही. रेघेखाली जे असेल ते वाहून जाणार, हे धरूनच चालायचे. नदीचा पूर निदान ओसरतो तरी. घरातली पूररेषा दर महिन्याला थोडी थोडी चढतच राहते.

मूल रांगू लागते तेव्हा ही रेषा जमिनीपासून वीतभर वर असते. तेवढ्यात चपलांचा स्टँड, कुंडीतली माती आणि दाराखालून सरकवलेले वर्तमानपत्र येते. मूल धरून उभे राहू लागले की टीपॉय पाण्याखाली जातो. टीपॉयवरच्या वस्तू आधी टीव्हीच्या कपाटावर जातात आणि मग कोपरे टोकदार असल्याच्या आरोपावरून टीपॉयच गॅलरीत जातो. तिथे त्याच्यावर कांदे पसरतात.

खरा पूर दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांप्रमाणे दोन वर्षांच्या मुलाची सरासरी उंची साधारण ८६ सेंटिमीटर असते. आपल्याकडच्या फ्लॅटमधला ओटा बहुधा ३२ ते ३४ इंचांचा, म्हणजे ८१ ते ८६ सेंटिमीटरचा. ओटा बांधणाऱ्याने हा योग लक्षात घेतलेला दिसत नाही. तोपर्यंत ओटा हे घरातले सर्वांत सुरक्षित बंदर असते. एका सकाळी ओट्याच्या कडेवर आठ बोटे दिसतात, त्यांच्यामागून दोन डोळे उगवतात आणि मिसळणाचा डबा हळदीच्या वाटीसकट खाली उतरतो. त्या दिवसापासून ओट्याचा पुढचा अर्धा भाग मोकळा आणि मागचा अर्धा भाग तीन थरांचा होतो. चहाची पातेली, दुधाची पातेली, सुरी, लायटर आणि तेलाचे कावळे टाइल्सना पाठ टेकून, पुरातून सुटका झालेल्या माणसांसारखी दाटीने उभी असतात.

अडीचाव्या वर्षी मुलाला स्टुलाचा शोध लागतो. इथून पुढे पूररेषेला सरळ रेषा म्हणता येत नाही. स्टूल जिथे ढकलता येते तिथे ती एकदम दीड फूट वर उसळते.

जुन्या मराठी घरांना हा प्रश्न माहीत होता आणि त्यावरचे उत्तर घर बांधतानाच भिंतीत घातलेले असे. फडताळाला कडी वरच्या बाजूला. कोनाडा मोठ्या माणसाच्या खांद्याशी. कपड्यांना खुंटी, ओल्या कपड्यांना छताजवळची वलणी, तिथवर पोचायला काठी. दूधदुभत्याला तर थेट आढ्याला टांगलेले शिंके. शिंक्याच्याही काही मर्यादा आहेत, हे गोकुळात एका मुलाने सवंगड्यांच्या खांद्यावर चढून सिद्ध केले आणि महाराष्ट्र दर श्रावणात तो प्रयोग चौकाचौकांत पुन्हा करून पाहतो. पण एकटेदुकटे मूल असेल तर शिंके पुरत असे.

मुंबईच्या चाळीत भिंती कमी पडल्या. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. एवढ्यात आईवडील, आजी, तीनचार मुले आणि गावाकडून शिकायला आलेला एक काका बसवायचा, तर वस्तूंना जागा देण्याऐवजी वेळ द्यावी लागते. सकाळी गाद्यांच्या वळकट्या होतात आणि झोपायची खोली संपते. पाट मांडले की जेवणाची खोली सुरू होते. पाट उचलले, दप्तरे उघडली, की अभ्यासिका. कॉटखाली ट्रंका, ट्रंकेत लग्नातली भांडी आणि ट्रंकेवर रात्री कॉटवर न मावलेला काका. अशा घरात पसारा फार वेळ टिकत नसे, कारण त्याच फरशीवर पुढच्या तासाचे आरक्षण असे. पसाऱ्याला जागा लागते. टू बीएचकेने ती उपलब्ध करून दिली.

टू बीएचकेची सर्वांत उंच जागा म्हणजे माळा. हा साधारणपणे बाथरूमच्या किंवा पॅसेजच्या डोक्यावर असतो आणि पूररेषेच्या बाबतीत त्याला डोंगरमाथ्याचा दर्जा आहे. माळ्यावर काय असते याची यादी घरोघर सारखीच निघते: पाळण्याच्या दांड्या, बाळाचा टब, गणपतीचे मखर, जास्तीच्या सतरंज्या, चकलीचा सोऱ्या आणि टीव्हीचा खोका. टीव्ही बिघडून दोनदा बदललेला असतो, खोका पहिल्याच टीव्हीचा असतो. माळ्यावर वस्तू ठेवणे याला आवरणे म्हणतात. ती पुन्हा खाली काढणे याला दिवाळी म्हणतात.

पूररेषेवर काय न्यायचे, यात विनोदाला जागा नसलेला एक भाग आहे, तो थोडक्यात सांगितलेला बरा. फिनेल, अॅसिड, रॉकेल आणि औषधे कुलपात असावीत, आणि फिनेल सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरू नये. उंच कपाट भिंतीला स्क्रूने बांधावे, कारण खण उघडले की मुलाला त्यात जिना दिसतो. रिमोटमधली आणि गाणाऱ्या खेळण्यातली चपटी बटणासारखी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. असे झाले की घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठायचा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात मावेल असा सुटा तुकडा असता कामा नये, असा नियम आहे. भारतात १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआयची खूणही सक्तीची झाली.

चिंचोके, शेंगदाणे आणि सीताफळाच्या बिया यांना मात्र ही खूण लागत नाही. उलट संक्रांत ते रथसप्तमी या काळात पाच वर्षांखालच्या मुलाला काळे झबले घालून, हलव्याचे दागिने लेववून पाटावर बसवतात आणि बोरे, हरभरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे असे एकूण एक सुटे तुकडे थेट त्याच्या डोक्यावर ओततात. बोरन्हाण दहा मिनिटांत होते. सोफ्याखालून चुरमुरे गुढीपाडव्यापर्यंत निघत राहतात.

खेळण्यांचा प्रश्न संख्येचा आहे. लेगोच्या विटेचे आजचे रूप १९५८ सालच्या पेटंटचे. त्या वर्षीची वीट आजच्या विटेत बसते. आठ उंचवट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा एकमेकींना ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणितज्ञांनी मोजले आहे. सहापैकी एक वीट सोफ्याखाली गेली की हा आकडा कितीवर येतो ते कुणी घरी मोजत बसत नाही. ती वीट दुसऱ्या दिवशी केरात निघते आणि वाटीत पडते. ही वाटी प्रत्येक घरात असते. फ्रीजवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या या स्टीलच्या वाटीत केरातून वाचवलेल्या वस्तू साठतात: एक वीट, बाहुलीचा डावा बूट, शर्टाचे बटण, सेफ्टीपिन, ल्युडोची हिरवी सोंगटी, कानातल्याची फिरकी आणि कशाचा आहे हे कुणालाच सांगता येत नाही असा एक निळा प्लास्टिकचा भाग. तो निळा भाग टाकायचा नसतो. तो टाकला की दुसऱ्याच दिवशी तो कशाचा होता ते कळते.

अमेरिकेत ओहायोमधल्या टोलीडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली ३६ मुलांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुले दीड ते अडीच वर्षांची होती. त्यांच्यासमोर एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी ठेवली. चार असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. यावरून बरीच शहाणी माणसे सांगतात, की चारच बाहेर ठेवावीत, बाकीची झाकून ठेवावीत आणि पंधरवड्याने बदलावीत. ही युक्ती चालते. फक्त झाकून ठेवण्याचे काम मूल झोपल्यावर करावे लागते, कारण दोन वर्षे जिच्याकडे ढुंकून पाहिले नाही अशी चाक मोडलेली मोटार पिशवीत शिरताना दिसली की मुलाला प्राणांहून प्रिय होते. शिवाय या प्रयोगात आत्या आणि वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्ट्स हे घटक धरलेले नाहीत.

कपड्यांचे गणित वाढीच्या वेगाशी बांधलेले आहे. जन्मताना सुमारे ५० सेंटिमीटरचे बाळ वर्षाचे होईतो सुमारे ७५ सेंटिमीटरचे होते आणि वजनाने जवळजवळ तिप्पट. ज्याला झबले आणले त्याला ते तीन महिन्यांनी येत नाही. म्हणून मराठी घरे वाढत्या अंगाचे कपडे घेतात. बारशाला आलेला सुंदर फ्रॉक बघून सगळे म्हणतात, ‘मोठा आहे, ठेवा नीट, पुढे होईल.’ फ्रॉक नीट ठेवला जातो. इतका नीट, की तो सापडतो तेव्हा पाठीची चेन अर्ध्यावर अडकते. तो मावशीच्या मुलीला द्यायचा ठरतो आणि तिच्यासाठीही तो नीट ठेवला जातो.

इथवरचे सगळे धोरण वस्तू वर नेण्याचे. याच्या नेमका उलट विचारही जुना आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया मॉन्टेसरींनी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ‘बालगृह’ उघडले आणि पुढे तिथे मुलांच्या मापाच्या खुर्च्या व त्यांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे आणली. मुलाला व्यवस्थेची उपजत ओढ असते, वस्तू तिच्या ठरलेल्या जागी दिसली की त्याला बरे वाटते, असे त्यांचे निरीक्षण होते. हा विचार भावनगरला गिजुभाई बधेकांकडे आणि तिथून ताराबाई मोडकांबरोबर महाराष्ट्रात आला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे असे आसपास मिळणारे सामान वापरले. म्हणजे जे सामान एरवी आई मुलाच्या खिशातून काढून फेकते, त्याला तिथे शैक्षणिक साधनाचा मान मिळाला.

बुटकी फळी घरी खरोखर उपयोगी पडते. टोपल्यांवर आतल्या वस्तूचे चित्र चिकटवले तर तीन वर्षांचे मूल गाड्या गाड्यांत आणि ठोकळे ठोकळ्यांत टाकते. मॉन्टेसरीबाईंचे म्हणणे खरेच आहे. मुलाला व्यवस्था हवी असते. ती आईवडिलांच्या व्यवस्थेहून वेगळी असू शकते, एवढेच. घरातल्या सगळ्या चपला हॉलच्या मधोमध एका रांगेत लावणे ही व्यवस्थाच आहे. बटाटे वॉशिंग मशीनमध्ये ठेवणे हेही सुसंगत आहे, कारण बटाटे गोल आणि मशीनचे तोंडही गोल.

ठेवलेली वस्तू सापडणे हे आवराआवरीचे दुसरे अंग. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांना आठ ते बारा महिन्यांच्या बाळांत एक गंमत आढळली. वस्तू पहिल्या कापडाखाली दोनतीनदा लपवून मग बाळाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कापडाखाली ठेवली, तरी बाळ पहिल्याच कापडाखाली शोधते. वर्षाच्या आसपास ही चूक सुटते. काही वडिलांत ती राहते.

‘अगं, नेलकटर कुठंय?’

‘तिथंच आहे.’

‘तिथं म्हणजे? पहिल्या खणात नाहीये.’

‘पहिल्या खणातून काढून दीड वर्ष झालं. वर ठेवलंय, देवघराच्या मागे.’

‘देवघराच्या मागे?’

‘तिचा हात पोचत नाही तिथं.’

वडील पुन्हा एकदा पहिला खण उघडून बघतात.

आवरण्याच्या जागतिक शास्त्राचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जपानच्या मारी कोंडो यांनी सांगितले, की प्रत्येक वस्तू हातात घ्यावी, तिने मनाला आनंद होतो का पाहावे, होत नसेल तर आभार मानून निरोप द्यावा. २०१९ साली त्यांचा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आला आणि पुण्यामुंबईतही खणांतले कपडे उभ्या घड्यांत बसू लागले. ही कसोटी मराठी घरात आजीपाशी अडते. आजीला आनंदाशी कर्तव्य नसते. तिचा निकष ‘असू दे, लागेल कधीतरी’ हा आहे. या निकषावर आजवर एकही वस्तू नापास झालेली नाही. २०२३च्या जानेवारीत खुद्द कोंडोबाईंनी, तिसऱ्या मुलानंतर आपण घर टापटीप ठेवण्याचा नाद जवळजवळ सोडल्याचे सांगून टाकले. ही बातमी इथल्या आयांनी एकमेकींना ज्या वेगाने पाठवली, त्या वेगाने त्यांची पद्धतही पसरली नव्हती.

पाहुणे येणार असले की सगळी शास्त्रे बाजूला राहतात. वॉचमनने इंटरकॉमवर ‘आलेत’ म्हटल्यापासून लिफ्ट पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंतच्या अवधीत हॉलमधले सर्व काही चादरीत भरून आतल्या पलंगावर नेले जाते आणि दार ओढून घेतले जाते. पाहुण्यांपैकी कुणाला तरी हात धुवायचे असतात. मूल त्यांचा हात धरून त्यांना थेट त्याच खोलीत नेते.

पूररेषा शेवटी माळ्याला टेकते. मूल नऊदहा वर्षांचे होते, ओट्यावरून स्टुलाच्या आधाराने पाय वर टाकते आणि दिवाळीआधीच्या आवराआवरीत माळ्यावरून बोचके खाली ढकलण्याचे काम घरात तेच सर्वांत चांगले करते. दारात बोहारीण स्टीलचे पातेले पुढे करून बसलेली असते. बोचके सुटते. कुंची, दुपटी, चेन न लागलेला फ्रॉक आणि एक कान फाटलेला कापडी ससा बाहेर येतो.

‘हा माझा आहे,’ मूल म्हणते. ‘वर कुणी ठेवला?’

मग फ्रॉकही द्यायचा नसतो, कुंचीही नाही. आजी आतून आपली एक जुनी साडी आणते, ती हातात धरून थोडा वेळ बघते, म्हणते, ‘असू दे, गोधडीला लागेल,’ आणि बोहारीण पातेले पुन्हा टोपलीत ठेवते.