चॅसिसचे शेवटचे चार आकडे

आमची स्कूटर विकायची ठरली तेव्हा गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागलं नाही. मखमलाबादहून रोज दूध घालायला येतात, त्यांच्या मुलाला क्लाससाठी गाडी हवी होती. मुलगा आला, त्यानं गाडीला एक प्रदक्षिणा घातली. मला वाटलं, आता टायर दाबून बघेल, किक मारून बघेल, आमच्या काळी बघायचे तसा सायलेन्सरचा धूर बघेल. त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"काका, चॅसिस नंबरचे शेवटचे चार आकडे सांगा."

"कशाला?"

"चलान बघतो. आधी चलान, मग इंजिन."

बारा वर्षं ही गाडी माझ्या बुडाखाली होती, पण तिला एमएच १५ पलीकडे आणखी एखादा नंबर आहे हे मी विसरूनच गेलो होतो. आरसीचं कार्ड काढलं, तर पाकिटात घासून घासून त्यावरचे नेमके तेच आकडे उडालेले. मग मी आणि तो गाडीशेजारी उकिडवे बसलो. त्यानं मोबाइलचा दिवा धरला आणि मी जुन्या टूथब्रशनं सांगाड्यावरचा चिखल खरवडू लागलो. ही दारात येऊन म्हणाली, "अहो, पाय धरताय का तिचे? इतकी वर्षं पुसली नाहीत, आता माफी मागून काय उपयोग!"

आकडे सापडले. महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिनाचे शेवटचे चार आकडे टाकले की गाडीचं सगळं चरित्र उघडतं. पोरानं टाकले आणि माझ्याकडे जरा वेगळ्याच आदरानं पाहिलं. "काका, चार आहेत."

माझा विश्वास बसेना. चाळीस वर्षं नाशकात मी गाडी हाकतोय. रविवार कारंजा, मेहेर सिग्नल, त्र्यंबक नाका या माझ्या पायाखालच्या वाटा. पूर्वी आपली चूक झाली की पोलीस शिट्टी मारायचा, आपण थांबायचो, "साहेब, घाईत होतो, आई आजारी आहे" असं म्हणायचो. आईला आपल्या लायसन्सपायी किती आजार काढावे लागले ते तिचं तिलाच ठाऊक. मग पावती फाटायची किंवा नाही फाटायची, पण काय ते दोघांत, तिथल्या तिथे मिटायचं. आता शिट्टी नाही, गाठभेट नाही. खांबावरचा कॅमेरा काही बोलत नाही. मोबाइलवर एक संदेश येतो, आणि तो आपण बँकेच्या कर्जाचा समजून पुसून टाकतो. मी चारही पुसले होते.

पोरानं एकेक उघडून दाखवलं. नुसता दंडाचा आकडा नव्हे. तारीख, वेळ, ठिकाण आणि वर फोटो. पहिला त्र्यंबक नाक्यावरचा. सिग्नल लाल, आणि माझं पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यांच्या चांगलं हातभर पुढे. दुसरा गंगापूर रोडचा. पिशवीतून मेथीची जुडी डोकावतेय, आणि हेल्मेट आहे, पण आरशाला लटकलेलं. डोक्याला हेल्मेट नसेल तर पाचशे रुपये. आरशाला असल्याबद्दल सूट नाही.

हेल्मेटच्या बाबतीत नाशिककर अडाणी आहे असं मात्र कुणी म्हणू नये. आम्हाला शिकवायचा प्रयत्न झालेला आहे. १५ ऑगस्ट २०२१ ला तेव्हाचे पोलीस आयुक्त दीपक पाण्डेय यांनी 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं. स्वातंत्र्यदिनीच हे सुरू व्हावं यावर कट्ट्यावर भरपूर चर्चा झाली. पण खरी मजा पंपावर. रांगेतल्या एकाकडे हेल्मेट असायचं. त्याचं पेट्रोल भरून झालं की ते मागच्याच्या डोक्यावर, त्याच्याकडून त्याच्या मागच्याच्या. एका संध्याकाळी मी सहावा होतो. आतून ओलं, गरम आणि कुणाच्या तरी खोबरेल तेलाचा वास. सात अनोळखी माणसांना इतकं एका जिवाचं झालेलं मी वारीतही पाहिलं नाही. पुढे विनाहेल्मेट सापडणाऱ्यांना 'नाशिक फर्स्ट'च्या ट्रॅफिक एज्युकेशन पार्कात दोन तास समुपदेशनाला बसवू लागले. त्या पार्कात मुलांना नियम शिकवायला बुटके सिग्नल आणि छोटे रस्ते केलेले आहेत. माझे एक निवृत्त मुख्याध्यापक मित्र तिथे दोन तास बसून आले. आयुष्यात पहिल्यांदाच ते वर्गात बाकाच्या या बाजूला बसले होते. त्यांचं मत असं पडलं, की व्याख्यान उत्तम, फक्त मागचे लोक फार बोलतात.

तिसरं चलान उघडलं आणि पोर हसायला लागलं. ट्रिपल सीट. हा मी नव्हतो. कॉलेज रोडवर माझी स्कूटर, हँडलवर माझा भाचा, मागे दोन मित्र, आणि तिघांच्या चेहऱ्यावर असा आनंद की दंड भरावासा वाटला. वेळ दुपारी सव्वातीन. त्या वर्षी भाचा आमच्याकडे राहून परीक्षेची तयारी करत होता आणि सव्वातीनला तो अभ्यासिकेत असायचा. निदान आम्ही त्याच्या आईला तसं सांगत होतो.

मला आता माझ्या नावाची काळजी वाटू लागली. म्हटलं, लायसन्सवर काय काय चढलंय तेही बघ. मग कळलं की माणसाची वही निराळी आणि गाडीची निराळी. माणूस 'सारथी'त, गाडी 'वाहन'मध्ये. नावं मोठी समर्पक ठेवली आहेत. पोरानं सारथी उघडून माझ्या लायसन्सचा नंबर टाकला. त्या नंबरातच एमएच १५ पुढे लायसन्स मिळाल्याचं वर्ष असतं, म्हणजे वय लपवायचीही सोय नाही. पण बाकी पाटी कोरी! एकही डाग नाही. कॅमेऱ्याला दिसते ती नंबरप्लेट. चालवणारा कोण हे त्याला ठाऊक नाही, म्हणून चलान जातं गाडीच्या मालकाच्या दारी. म्हणजे सारथी निर्दोष आणि चारही गुन्हे बिचाऱ्या स्कूटरचे. मी हिला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ही म्हणाली, "घोडा सापडला, स्वार पळाला, यात मिरवायचं काय?"

खरं तर आम्हा नाशिककरांना वहीत सापडण्याचं अप्रूप वाटायला नको. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी आहेतच. चार वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ यवतमाळहून काकांच्या अस्थी घेऊन आला, तेव्हा मी बरोबर होतो. गुरुजींनी आमची नावं विचारलीच नाहीत. "मूळ गाव? आडनाव?" एवढंच. तीन मजली फडताळातून एक लांबट चोपडा निघाला, लाल कापड सोडलं गेलं, आणि पाच मिनिटांत आमचे पणजोबा समोर. मोडीतली सही, सोबत आलेल्यांची नावं. पणजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं बांधावरून आयुष्यभर हाडवैर. दोन्ही घरांत अजून लग्नाची पत्रिका जात नाही. आणि इथे एका सिंहस्थातल्या नोंदीत दोघांच्या सह्या एकाखाली एक. बरोबर आले होते, एकाच गुरुजींकडे उतरले होते, आणि घरी जाऊन दोघांनीही ते कुणाला सांगितलं नव्हतं! चुलतभाऊ बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला.

तिथेही माणूस थेट त्याच्या नावानं सापडत नाही. गाव आणि आडनाव सांगावं लागतं. इथे चॅसिसचे चार आकडे. आपल्यापर्यंत पोचायची वाट आपल्यावरून जातच नाही, कशाच्या तरी आडून जाते. आणि वही उघडली की जे सापडतं ते आपण शोधत होतो ते नसतंच.

चौथं चलान हिनं स्वतः मागून घेतलं. हा फोटो पाठमोरा. मी पुढे, मागे ही, दोघंही बोडकी. हिच्या हातात डाळिंबांची पिशवी. हिनं चष्मा आणला. मला वाटलं, आता हेल्मेटवरून ऐकावं लागणार. ही म्हणाली, "पदर बघा चाकापर्यंत लोंबतोय. तुम्हाला एकदा वळून बघता येत नव्हतं?" मग थोड्या वेळानं, "ती मोरपिशी साडी गेली कुठे?" आणि ही कपाटाकडे गेली.

कट्ट्यावर सांगितलं तर सगळ्यांचं एकमत, की इतक्यात भरू नका. "लोकअदालतीची नोटीस येईल, तिथे तडजोड होते." माझ्या मित्रांपैकी निम्मे जण लोकअदालतीची वाट दिवाळीच्या सेलसारखी बघतात. दुसऱ्यानं सांगितलं की त्याला व्हॉट्सॲपवर चलान आलंय, फाइल उघडली की दिसतं. त्याला मात्र सगळ्यांनी मिळून गप्प केलं. अशी एपीके फाइल उघडून बँकेतले पैसे गेलेली माणसं आता प्रत्येक गल्लीत आहेत. सरकारी दंड सरकारी संकेतस्थळावरच बघावा आणि तिथेच भरावा. चोरानं पोलिसाचा वेश घ्यायचा हा प्रकार जुना, पण हल्ली त्याला टोपीसुद्धा लागत नाही.

मी चारही भरले. अडीच हजार रुपये. पोरानं ते गाडीच्या किमतीतून कमी करून मागितले होते, म्हणजे मी दोनदा भरले असते. तेवढं मात्र हिनं होऊ दिलं नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पेठ रोडच्या आरटीओत कागद गेले, आणि स्कूटर मखमलाबादला गेली.

आठवडा झाला असेल. जेवण करून बसलो होतो, मोबाइल वाजला. आता मी असले संदेश पुसत नाही. उघडलं. नाव अजून बदललेलं नव्हतं, तेव्हा मालक मीच. फोटोत पोरगं माझ्या स्कूटरवर, हेल्मेट अगदी नीट, पट्टासुद्धा लावलेला. गुन्हा मागच्या सीटचा होता. मागे एक मुलगी, हेल्मेटशिवाय, मोकळे केस वाऱ्यावर, एक हात पोराच्या खांद्यावर. ठिकाण सोमेश्वरच्या रस्त्यावरचं. वेळ क्लासची.

हिनं मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. "गोड आहे हो," ही म्हणाली. "भरून टाका. आणि उद्या त्याच्या वडिलांपुढे तोंड उघडू नका."

सकाळी दूध घालायला वडीलच आले. मी पातेलं पुढे केलं.

"गाडी कशी चालतेय?" मी विचारलं.

"एक नंबर, साहेब. पोरगं आता क्लास बुडवतच नाही."

"वा," मी म्हणालो, आणि पातेलं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.