बीटल्सकाकांची पंच्याहत्तरी

लिव्हरपूल
रविवार, बाहेर पाऊस (म्हणजे नेहमीसारखाच रविवार)

ती. बाबा आणि सौ. आई,


आईला फोनवर ‘शेजारी वाढदिवस होता, उशीर झाला’ एवढंच सांगितलं, कारण ‘पबमध्ये’ असं म्हटलं की पुढचं तिला ऐकूच येत नाही. आता सगळं सविस्तर लिहिते. बाबांनी मोठ्याने वाचावं, आईने मधूनमधून ‘अगं बाई’ म्हणावं.

वाढदिवस होता आपल्या बीटल्सकाकांचा. डावीकडच्या घरातले, निवृत्त टॅक्सीवाले. बाबा, मागच्या उन्हाळ्यात परसातल्या भिंतीवरून तुमचा ज्यांच्याशी सतारीवरून वाद झाला, तेच. त्यांचं इंग्रजी तुम्हाला कळत नव्हतं, तुमचं त्यांना कळत नव्हतं, पण दोघांपैकी एकानेही माघार घेतली नाही. जॉर्ज हॅरिसनने १९६५ मध्ये ‘नॉर्वेजियन वुड’साठी जी सतार वाजवली ती लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या दुकानातून आणलेली साधीसुधी सतार होती, असं त्यांनी सांगितलं. त्यावर सतारमेकरांच्या शेजारात जन्म काढलेल्या मिरजकराने ‘ऐकू येतंय ते’ असं शुद्ध मराठीत उत्तर दिलं होतं. ते कौतुक होतं अशी काकांची आजही समजूत आहे. मी ती मोडलेली नाही.

तर काकांना पंच्याहत्तर वर्षं झाली आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने कोपऱ्यावरच्या पबची वरची खोली धरली. नाच, केक, सगळं ठरलं. अडलं एकाच ठिकाणी: रात्री शेवटचं गाणं कुठलं लावायचं? काकांना विचारायची सोय नव्हती. ‘हा बीटल्सच सांगणार, आणि मी साठ वर्षं भिंतीपलीकडून तेच ऐकतेय,’ असं बहिणीने जाहीर केलं. मग ठरवायचं गल्लीने.

आमच्या गल्लीचा कट्टा म्हणजे कचऱ्याचे डबे. आदल्या संध्याकाळी ते फुटपाथवर आणून ठेवायचे आणि मग तिथेच तासभर उभं राहायचं. इथले डबे जांभळे आहेत. गावात फुटबॉलचे दोन संघ, एक लाल, एक निळा. कुणाच्याही रंगाचा डबा दुसऱ्याच्या दारात चालला नसता, म्हणून दोन्ही कालवून जांभळा केला असं लोक सांगतात. खरं असो वा नसो, या गावाचा स्वभाव कळायला पुरेसं आहे.

पहिली तोफ समोरच्या स्टोन्सताईंनी डागली. या निवृत्त नर्स. आवाज अजून वॉर्डातलाच. म्हणाल्या, ‘तुमच्या बीटल्सची पहिली रेकॉर्ड १९६२ ची आणि १९७० मध्ये मोडले. आठ वर्षांचा संसार! रोलिंग स्टोन्ससुद्धा १९६२ चेच, पण अजून उभे आहेत. मिक जॅगर १९४३ चा, ऐंशी उलटली तरी स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो. टिकणं म्हणतात ते याला.’ काका म्हणाले, ‘नुसतं न मरणं म्हणजे टिकणं नव्हे.’ आणि लगेच २०२३ चा दाखला दिला. लेननने घरी कॅसेटवर मुद्रित करून ठेवलेलं जुनं गाणं, त्यातला त्याचा आवाज कॉम्प्युटरने पियानोपासून सोडवून घेतला, बाकीच्यांनी त्यावर साज चढवला आणि ‘नाऊ अँड देन’ इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं. बँड मोडून त्रेपन्न वर्षं, चौघांतले दोघे हयात नाहीत, तरी पहिला नंबर! ‘मेलेल्या माणसालासुद्धा कामाला लावता, सुटी नाही त्याला,’ असं म्हणून ताई आत निघून गेल्या आणि दोन मिनिटांत दुसरा डबा घेऊन परत आल्या. तो रिकामा होता.

काकांचं ब्रह्मास्त्र तुम्हाला माहीत आहेच: ‘मी त्यांना कॅव्हर्नमध्ये ऐकलंय.’ मॅथ्यू स्ट्रीटवरच्या त्या तळघरात बीटल्स २९२ वेळा वाजवून गेले असं सांगतात. शेवटचं वाजवलं ३ ऑगस्ट १९६३ ला. तेव्हा काका तेरा वर्षांचे! बहिणीचं म्हणणं, दुपारच्या त्या मैफिली चालायच्या तेव्हा हा वर्गात कोपऱ्यात उभा असायचा. बाबा, मला तुमचे ते स्टेशन रोडचे मित्र आठवले, जे अब्दुल करीम खाँसाहेबांना समोर बसून ऐकल्याचं डोळ्यांत पाणी आणून सांगतात. खाँसाहेब गेले १९३७ मध्ये आणि तुमचे मित्र जन्मले १९४२ मध्ये. पण मी म्हणते, ज्याच्याविषयी लोकांना खोटं बोलावंसं वाटतं तो कलावंत काही साधा नसणार. आणि ती कॅव्हर्नही मूळची राहिलेली नाही. १९७३ मध्ये बंद करून ती पाडली. आपण पाहिली ती नंतर त्याच विटांतल्या बऱ्याचशा वापरून बांधलेली.

कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन लेड झेपलिनचा. पांढरी पोनीटेल, पाठीचं दुखणं, व्हॅनमध्ये तेच संगीत. त्यांचा ड्रमर जॉन बोनम १९८० मध्ये वारला आणि बाकीच्यांनी बँडच बंद केला. दुसरा ड्रमर आणून दुकान चालू ठेवलं नाही. ‘याला म्हणतात इभ्रत,’ असं तो स्टोन्सताईंकडे न बघता म्हणाला. मग २००७ मध्ये लंडनला एका रात्रीपुरते ते पुन्हा वाजले, ड्रमवर बोनमचा मुलगा. तिकिटांसाठी दोन कोटी मागण्या आल्याचं सांगतात. त्यातली एक याची. ते मिळालं नाही हे कळवणारा ईमेल त्याने छापून घेतलाय आणि तो अजून त्याच्या फ्रिजवर आहे. आमचं मीटर दुरुस्त करायला आला होता तेव्हा चहा पिता पिता हे सांगताना त्याचा गळा भरून आला. पैसे मात्र पूर्ण घेतले.

आता खरी गंमत. शाळेच्या लायब्ररीतल्या क्वीनबाई एवढा वेळ गप्प होत्या. त्या एकदम म्हणाल्या, ‘१३ जुलै १९८५, वेम्बली, लाइव्ह एड. वीस-एक मिनिटं. त्यानंतर बोलायला काही शिल्लक आहे का?’ आणि तुमचे जावई, जे आजवर डबा ठेवून खालमानेने घरात येत असत, ते म्हणाले, ‘फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीचा.’

बाबा, गल्ली स्तब्ध झाली. फारुख बुल्सारा, जन्म झांझिबारचा, पारशी घरातला, लहानपणी बोर्डिंगला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये, पियानो तिथला, ‘हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड तिथला. हे सगळं खरंच आहे. पण जावयांचं आजोळ वाई, पसरणीचा घाट चढला की पाचगणी. तेवढ्या भांडवलावर ते फ्रेडीचे मावसभाऊ असल्यासारखे बोलू लागले. लोक प्रश्न विचारायला लागले. हे घाटाची वळणं हातांनी दाखवायला लागले. क्वीनबाईंनी स्ट्रॉबेरीचं पीक कधी येतं तेही वहीत टिपून घेतलं. काकांना हे सहन होईना. त्यांनी ताबडतोब हॅरिसन काढला: जानेवारी १९६८, मुंबईचा एचएमव्ही स्टुडिओ, तिथे त्याने ‘वंडरवॉल’ सिनेमाचं संगीत आपल्याकडच्या वादकांकडून मुद्रित करून घेतलं, शिवकुमार शर्मांचं संतूर त्यात आहे. म्हणजे भारतावर आमचाही हक्क आहे! दोन गोरी माणसं जांभळ्या डब्याला टेकून महाराष्ट्र कुणाचा यावर भांडतायत आणि आम्ही दोघं न्यायाधीश, असा योग पुन्हा येणार नाही. (हेच जावई इंजिनिअरिंगला असताना पिंक फ्लॉइडचा त्रिकोणी लोलकाचा टी-शर्ट घालून पुण्यात हिंडत. ‘डार्क साइड ऑफ द मून’ पहिल्यांदा पूर्ण ऐकली ती लग्नानंतर. हे मी गल्लीत बोलले नाही.)

थोरला सोळाचा झाल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीत पैसा दिसतो. तो म्हणाला, ‘हे बँड टिकलेत कारण ज्यांनी ते तरुणपणी ऐकले त्यांच्याकडे आता पेन्शन आहे. तिकीट आजोबा काढतात.’ पोर उद्धट आहे, पण मुद्दा अगदीच चुकीचा नाही. एवढंच की ‘क्वीन’च्या गाजलेल्या गाण्यांची १९८१ ची रेकॉर्ड ब्रिटनमध्ये सत्तर लाखांच्या वर खपलीय, ती सगळी पेन्शनवाल्यांनी घेतली असं मला वाटत नाही, आपली धाकटीच ‘बोहेमियन राप्सोडी’ अंघोळीला जाताना म्हणते, सगळे आवाज एकटी काढून. थोरल्याचा दुसरा मुद्दा मला जास्त पटला. तो म्हणाला, ‘जे उरले त्यांचीच मोजदाद करताय. १९६२ मध्ये या गावात शेकडो बँड होते, ते कुठेत?’

कुणाला उत्तर सुचलं नाही आणि पाऊस आला. निर्णय शनिवारवर गेला.

शनिवारी मी शंभर बटाटेवडे नेले होते. आई, तुझ्या प्रमाणानेच, मिरची निम्मी. तिथे ‘स्काउस’ होतं, म्हणजे मटण-बटाट्याचा दाटसर रस्सा, ज्यावरून इथल्या लोकांना स्काउसर म्हणतात. सोबत लाल कोबीचं लोणचं. माझ्यासाठी बिनमटणाचं वेगळं पातेलं केलं होतं, त्याला इथे ‘आंधळं स्काउस’ म्हणतात. चव बरी, फोडणी नाही. वडे अर्ध्या तासात संपले. स्टोन्सताईंनी दोन पर्समध्ये टाकलेले मी पाहिले.

दहाच्या पुढे शेवटच्या गाण्याची वेळ आली. मतदान झालं, चौघांनी चार चिठ्ठ्या टाकल्या, जावयांनी पाचवी. लावणाऱ्या पोराने हात वर केले. तेवढ्यात खाली मॅच बघून आलेल्या लाल मंडळींनी ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ सुरू केलं. अॅनफिल्डला साठ हजार लोक उभं राहून गातात ते. गाणं मुळात अमेरिकन संगीतनाटकातलं, १९४५ चं. पण इथलं केलं ते गेरी अँड द पेसमेकर्स या लिव्हरपूलच्याच बँडने, १९६३ मध्ये. आणि काका तर निळे! एव्हर्टनवाला माणूस हे गाणं गात नाही. स्वतःच्या पंच्याहत्तरीला काका ताडकन उठले आणि अर्धी खोली त्यांच्यामागून बाहेर पावसात सिगारेट ओढायला गेली. जे सिगारेट ओढत नाहीत तेसुद्धा.

काकांची बहीण शहाणी. तिने त्या पोराच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ‘फेरी क्रॉस द मर्सी’ लागलं. तेही गेरीचंच. मर्सी नदीवर आपण बोटीत बसलो होतो, तेव्हा भोंग्यातून ऐकू आलं होतं ते. लाल आत होते ते गायला लागले, निळे बाहेरून गातच आत आले. काका भिजलेल्या कोटात मध्ये उभे, स्टोन्सताईंच्या खांद्यावर हात. झेपलिनवाल्याला सगळे शब्द पाठ होते. ‘हे काही रॉक नाही’ असं तो म्हणाला, पण गाणं संपल्यावर.

बाबा, त्या कचऱ्याच्या डब्यांपाशी इतकी चर्चा झाली, त्यात गेरीचं नाव एकदाही कुणी घेतलं नव्हतं. १९६२ च्या जानेवारीत इथल्या ‘मर्सी बीट’ नावाच्या वृत्तपत्राने वाचकांचा कौल घेतला होता. पहिले बीटल्स आले, दुसरे हेच गेरीवाले. त्यांची पहिली तिन्ही गाणी ओळीने पहिल्या नंबरावर गेली होती, ते बीटल्सनाही जमलं नव्हतं. आज त्यांच्या नावाचा टी-शर्ट कुणी घालत नाही. माझं मत विचाराल तर बँड मोठा की लहान हे भांडणारे ठरवतात, पण गाणं राहणार की जाणार हे बेसूर गाणारे ठरवतात, आणि बेसूर गाणारे संख्येने जास्त आहेत. थोरल्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, ‘गेरीला पैसे किती मिळाले असतील?’

बाकी सर्व ठीक. धाकटीचे दात पडतायत. जावयांचा खोकला गेला.

क्वीनबाई जानेवारीत खरंच भारतात येतायत. पाचगणी बघून पुढे दोन दिवस मिरजेला तुमच्याकडे पाठवते. आईने तिखट बेताने घालावं. बाबांनी त्यांना किराणा घराणं समजावून सांगावं, पण एका बैठकीत सगळं नको.

तुमची लाडकी,
ताई

ता.क. थोरल्याला वाढदिवसाला रेकॉर्ड प्लेअर हवाय. इथे पोरं पुन्हा रेकॉर्डी घ्यायला लागलीत. माळ्यावरचा तुमचा जुना असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. क्वीनबाईंच्या सामानात जागा करायला सांगितली आहे.