लाल शर्टातला बुटका

ऑक्टोबर 2010. कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला ‘ब्लिझकॉन’ हा गेमवेड्यांचा मेळावा भरलेला. लाल शर्टातला एक पोरसवदा चाहता माइकपाशी आला आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या कंपनीवाल्यांना म्हणाला, खेळातल्या तीन हातोड्यांच्या मंडळात फॉलस्टॅड हे पात्र का नाही? तो मेला ना, असं मंचावरून उत्तर आलं. नाही मेला, पोरगा म्हणाला.

खरंच मेला नव्हता!

नेटकऱ्यांनी मग पोराचा आवाज तपासला, उभं राहणं तपासलं. प्रश्न तेवढा राहून गेला. कंपनी शहाणी निघाली. फॉलस्टॅडला तिनं मंडळात बसवलं, शिवाय खेळातल्या आयर्नफोर्ज नगरीत लाल शर्टातला एक बुटका नेमला. हुद्दा : तथ्यतपासनीस.

आपल्याकडे 2025 मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त पाचवीतला एक मुलगा अमिताभ बच्चन यांना ‘नियम सांगत बसू नका’ म्हणाला. लगेच नेटवर टोपणनावांआडून त्याच्या आईबापांचे संस्कार निघाले, तेही अर्वाच्य भाषेत.

निमगाव सावाच्या माणसाला याचं नवल वाटावं. त्याच्याच जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. तिथला सोंगाड्या भर फडात पाटलालाही नको ते विचारतो. त्याचे संस्कार कुणी काढत नाही, तिकीट काढतात.