टेस्टिंगभाऊ

पेला कसा धरायचा हे उमरेडच्या टेस्टिंगभाऊला कोणी विचारलेलं नसतं. तरी तो सांगतो. 'पोटाला नाही, दांडीला धरा. हाताच्या गरमीनं वाइनची चव जाते.' समोर ताकाचा स्टीलचा गिलास असतो, त्याला दांडी नसते. शिकवणी मात्र थांबत नाही. मग तेच ताक गोल फिरवून, त्यात नाक खुपसून तो म्हणतो, 'मागाहून काहीतरी मातीसारखं येते.'

'जिरं आहे ते,' वहिनी आतून सांगतात.

वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी कोळसा खाणीत नाहीतर शाळेत, आणि बायपासला एक प्लॉट वेळेवर विकलेला. ही जमात इकडे पूर्वी नव्हती, कारण नाशिक फार लांब होतं. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि साईबाबांच्या दर्शनाला म्हणून निघालेल्या गाड्या आरती आटोपून हळूच नाशिकच्या गंगापूर धरणाकडच्या वायनऱ्यांकडे वळू लागल्या. पुण्या-मुंबईची माणसं वाघ बघायला कऱ्हांडल्याच्या गेटवर पहाटे कुडकुडत उभी, आणि कऱ्हांडल्याचा शेजारी नाशकात पेले फिरवतोय!

'सुला' वायनरीत तो फोटोपुरता थांबतो. द्राक्षाची तर सगळेच पितात. त्याला हवी फळांची, तीही छोट्या जागी, जिथं मालक स्वतः भेटतो. म्हणून नाशकातच 'सेराना'. योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघींनी तिथं मध आंबवून मीड करायला घेतलं. त्यात जांभळाचंही आहे. पुण्याकडे 'रिदम'ची स्ट्रॉबेरी, अननस, किवी. स्ट्रॉबेरीत साखर जेमतेम पाच टक्के; तेवढ्यात यीस्टचं भागत नाही, वरून घालावी लागते, हे ऐकून भाऊ मान डोलावतो. डोलावता डोलावता दुसरा पेला पुढे करतो.

आणि मग तो त्याचा ठेवणीतला प्रश्न येतो: 'संत्र्याची काहून नाही करत?'

समोरचा बिचारा समजावतो. संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होतो, लिमोनिन नावाचं द्रव्य त्याला कारण. नागपुरी संत्र्यात तर ही खोड फार. भाऊला हे पटत नाही. नागपूरच्या संत्र्याबद्दल असलं काही बाहेरच्यानं बोलावं, हेच मुळात पटत नाही.

परतीचा प्रवास खरा बघण्यासारखा. समृद्धी नागपुरात शिरायच्या आधी वर्धा जिल्ह्यातून जातो, आणि वर्धा गांधीजींच्या पुण्याईनं कोरडा. डिकीत चादरीत गुंडाळलेल्या सहा बाटल्या. धामणगाव मागे पडलं की भाऊ गाण्याचा आवाज कमी करतो. विरुळ आलं की बोलणंही बंद. खिशात लॅमिनेट केलेला दारूचा आजीवन परवाना असतो, पण तो वर्ध्यात किती कामाचा, हे पाहण्याची हिंमत होत नाही. नागपूर जिल्ह्याची पाटी दिसली की आधी एसी वाढतो, मग गाणं.

रविवारी मित्रमंडळ जमतं. सावजी मटणाबरोबर अननसाची वाइन! तर्रीचा पहिला घास पोटात गेल्यावर जिभेला अननस काय आणि पाणी काय. एक जण दोन पेले रिकामे करून प्रामाणिकपणे म्हणतो, 'भाऊ, हे तं सरबत आहे ना बावा. चढत तं नाही काही.'

'चढासाठी नसते ते. चाखासाठी असते.'

'मंग त्यापेक्षा मोहाची काय वाईट?'

भाऊ पेला खाली ठेवतो. मोहाची गाळलेली, ही आंबवलेली. ती दारू, ही वाइन. यात त्याचं चुकतही नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्यात तर मोहफुलांचा नाव घेऊन बंदोबस्त केलेला आहे. जांभूळ, अननस यांच्या वाट्याला तो मान आला नाही. पण भाऊचा आक्षेप कायद्याचा नसतोच. मोहाच्या बाटलीवर लेबल नसतं, आणि ती कशी धरायची हे कोणाला शिकवावं लागत नाही.

अलीकडे मात्र त्याच्या मोबाइलवर एक फोटो आला आहे. गोव्यात कोणी 'डेस्मंडजी' नावानं मोहाची दारू काढली आहे; देखणी बाटली, वर इंग्रजी अक्षरं. भाऊनं फोटो बोटांनी मोठा करून दोनदा वाचला. आता गोव्याचं ठरतंय, खास मोह चाखायला. जायचं मार्चमध्ये. त्या दिवसांत इकडे रानात मोह पडतो आणि त्या वासानं भाऊचं डोकं दुखतं.