शुक्रवारी पहाटे कुठे जाता हो?

पार्ल्यातल्या दोन-तीन चांगल्या घरांतले कर्ते पुरुष दर शुक्रवारी पहाटे, दूधवाल्याच्याही आधी, घराबाहेर पडतात. विचारलं तर सांगतात, ‘मॉर्निंग वॉक.’ पण फिरायला निघालेला माणूस खांद्याला चौकोनी पिशवी, खिशात बॅटरी आणि पन्नासच्या नोटांची गड्डी घेऊन निघतो का? परत येतो तो नखं काळी, शर्टाला जळमटं, आणि चेहऱ्यावर असं तेज की बायकोच्या मनात नको नको ते यावं. एका वहिनींनी शेवटी छडा लावला. खरं कळल्यावर कपाळाला हात लावून म्हणाल्या, ‘दुसरं काही असतं ना, तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं.’

तर प्रकरण आहे जुन्या रेकॉर्डींचं. ठिकाण चोरबाजार, भेंडीबाजाराजवळची मटन स्ट्रीट. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी अंधार असतानाच रस्त्यावर जुम्मा बाजार मांडला जातो. बिनपात्याचे पंखे, एकुलते एक बूट आणि कुणाच्या तरी आजोबांच्या कवळ्या यांच्या ढिगाशेजारी हे गृहस्थ उकिडवे बसून रेकॉर्डी उपसत असतात. घरी पाण्याचं भांडं हाताने घेणार नाहीत, आणि डॉक्टरांनी मांडी घालून बसायला बंदी केली आहे म्हणे!

उरलेल्या दिवशीही चैन नाही. फोर्टातले फुटपाथ आहेत, भंगारवाले आहेत, पुण्याला बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. पुण्यातले शौकीन मुंबईत येतात, मुंबईतले पुण्याला जातात, आणि दोघंही आपण मावशीकडे गेलो होतो असं सांगतात.

ह्या शिकारीचे नियम ऐकाल तर थक्क व्हाल. हवी ती रेकॉर्ड दिसली की तिच्याकडे बघायचं नाही. आधी आरत्यांची एखादी उचलायची, मग ‘शोले’च्या संवादांची. हिला मरण नाही. १९७५ साली सिनेमा आला आणि पॉलिडॉरने गाण्यांबरोबर संवादांचीही रेकॉर्ड काढली. ती पानाच्या ठेल्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत इतकी वाजली, की आज सापडणाऱ्या बऱ्याच प्रतींत गब्बरला दमा झालेला आहे. तर आरत्या आणि ‘शोले’ ह्या दोघींच्या मध्ये आपली लाडकी सरकवायची आणि जांभई देत विचारायचं, ‘तीनों का कितना?’ पूर्वी ही चाल चालायची. आता विक्रेता शांतपणे खिशातून फोन काढतो, डिस्कॉग्ज ह्या वेबसाइटवरचा भाव बघतो आणि मधलीच रेकॉर्ड बाजूला काढून ठेवतो. जांभई फुकट जाते.

किमती वाढायला कारणही तसंच घडलं. चरणजित सिंग नावाचे एक वादक होते, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांतले. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तेव्हा नवी निघालेली यंत्रं घेतली आणि भैरव, यमन अशा दहा रागांना डिस्कोचा ठेका लावून एक एलपी काढली. घराणेदार मंडळींनी कानांवर हात ठेवायलाही ती ऐकली नाही, इतकी ती पडली. पुढे वीसेक वर्षांनी एका डच शौकिनाला ती भारतात जुन्या मालात सापडली. २०१० साली त्याने ती पुन्हा बाजारात आणली आणि तिकडे एकच गहजब उडाला. शिकागोत ज्या नाचाच्या संगीताचा जन्म झाला असं सगळे मानतात, ते ह्या मुंबईकराने काही वर्षं आधीच वाजवून ठेवलं होतं की काय! तेव्हापासून कव्हरवर सिंथेसायझर किंवा चमकता गोळा दिसला की भाव दुप्पट. आपल्याकडच्या कितीतरी मावश्यांनी गरब्याच्या डिस्को रेकॉर्डी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला आहे. त्या डब्याकडे आता त्यांची मुलं ज्या नजरेने बघतात, ती नजर मी पाहिली आहे.

बीटल्सचं तर विचारूच नका. जग विनाइलवर गेलं तरी आपल्या घरोघरी चावीचे फोनो होते, म्हणून कलकत्त्याच्या डमडमच्या कारखान्यात साठच्या दशकातही ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या निघत होत्या, आणि त्यांत बीटल्ससुद्धा होते. इंग्लंडातले संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. त्यामुळे भजनांच्या गठ्ठ्यात चार लांब केसांचे इंग्रज दडले असतील ह्या आशेवर इथे माणसं तासन्‌तास तुकोबांना उलटंसुलटं करत असतात.

बोलतातही सांकेतिक भाषेत. ‘ईसीएलपी मिळाली, पण कव्हर गेलेलं.’ ‘थ्री एईएक्स आहे, पहिलं प्रेसिंग.’ लेबलचा रंग, मधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला आकडा, हे सगळं भिंगातून तपासतात. मुलीसाठी स्थळ बघताना ह्याच गृहस्थांनी मुलाचं आडनावसुद्धा नीट विचारलं नव्हतं.

घरी आणल्यावर पुढचे सोहळे. आधी माळा. बायको झोपल्यावर बेसिन. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश. काही महाभाग तर रेकॉर्डवर फेव्हिकॉल ओततात! खरंच. वाळला की साल सोलावी तसा अख्खा काढायचा, खाचांतली घाण त्याला चिकटून येते. एकाने हुशारी करून जुनी नाट्यगीतं स्पिरिटने पुसली. त्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. रात्र-रात्र वन्समोअर घेणाऱ्या बालगंधर्वांना ज्या तीन-साडेतीन मिनिटांत बसवायला कंपनीला एवढी यातायात पडली, ती सगळी ह्याच्या बनियनच्या बोळ्याला लागून निघाली.

एवढं करून ऐकतात का? इथेच तर गोम आहे. निम्म्यांकडे चालू स्थितीतला प्लेयर नाही. कुणाकडे एचएमव्हीचा जुना फिएस्टा आहे, पण सुई नाही. कुणाकडे टर्नटेबल आहे, पण मुलगी दहावीला आहे. नव्या पोरांकडे तो गुलाबी सुटकेसचा प्लेयर, ज्याचं नाव काढलं तरी जुने जाणते पाणी मागतात; त्याच्या जड हाताने खाचा खरवडल्या जातात, म्हणे. खरं गाणं ऐकायचं असलं की सगळेच फोनवर ऐकतात. काळ्या घोड्याचं ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ साली बंद झालं, तेव्हा ज्यांनी दहा वर्षांत तिथून एक सीडी घेतली नव्हती तेच जास्त हळहळले. नव्या-कोऱ्या, दुकानात सरळ पैसे देऊन मिळणाऱ्या रेकॉर्डींना तर ही मंडळी नाक मुरडतात. त्यात घाण नाही, घासाघीस नाही, पहाट नाही. मजा कसली?

मला विचाराल तर मनापासून ऐकणारे वेगळेच. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. त्या लोकांनी ह्याच बाजारांतून तबकड्या गोळा केल्या, पण पुढे बसून ऐकल्या, याद्या केल्या, अंक काढले, दुसऱ्यांनाही ऐकवल्या. तेव्हा कुणाला भाव माहीत नव्हता आणि कुणाची बायको तक्रारही करत नव्हती. निदान माझ्या कानावर आली नाही, म्हणजे नसणारच.

पण हल्लीच्यांची मजल कुठवर गेली आहे, ते सांगते आणि थांबते. ही मंडळी वर्तमानपत्रात आधी निधनवार्ता वाचतात. ‘संगीताचे दर्दी’ असा शब्द दिसला की पांढरा सदरा. दादरला अशाच एका घरी एक जण दहाव्याच्या आत भेटायला गेला. दोन मिनिटं मान खाली घालून बसला, मग कपाटाकडे बघत हळूच म्हणाला, ‘काकांकडे गीतरामायणाचा पूर्ण संच होता ना?’

काकूंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि म्हणाल्या, ‘आहे की. एका कव्हरला कसर लागली आहे, बाकी स्वच्छ. लाखेच्या वेगळ्या काढल्यात, त्या विकायच्या नाहीत. उरलेल्यांची यादी नातीने केली आहे, भाव समोर लिहिलेत. तुम्ही आज चौथे. चहात साखर किती?’