दुसरं गाणं सांगा

चाकणच्या तळेगाव चौकात गाडी अडकली की बोलायला दोनच विषय उरतात: एक ट्रॅफिक आणि दुसरा कुठलाही. ट्रॅफिकचा विषय आम्ही मोशीलाच संपवून टाकला होता. संगमनेरला मावशींकडे जेवायला जायचं होतं. गाडी मेव्हण्याची, त्यामुळे गाणीही त्याचीच. मागे बायको आणि कॉलेजात जाणारा भाचा. पुढे एक कंटेनर. त्याच्या दारावरचं सगळं लिखाण एव्हाना मला पाठ झालं होतं.

'मेड इन इंडिया' लागलं.

"बिचारी अलिशा," मेव्हणा म्हणाला, "एका गाण्यावर आली आणि गेली."

"आणि 'कजरा रे' कुणी म्हटलं? आपल्या आत्यानं?" मागून बायको.

मेव्हणा गप्प झाला, पण हरला नाही. त्याचं म्हणणं असं की सिनेमातली गाणी धरायचीच नाहीत, ती पडद्यावर नाचणाऱ्या हिरॉइनच्या खात्यात जमा होतात. 'कजरा रे' म्हटलं की ऐश्वर्या आठवते. 'मिस्टर इंडिया'तलं 'काटे नहीं कटते' म्हटलं की निळ्या साडीतली श्रीदेवी. तिथेही आवाज अलिशाचाच, किशोरकुमारबरोबर. पण साडी लक्षात राहते. मला हे पटायला लागलं होतं. मेव्हण्याचं म्हणणं पटणं ही आमच्याकडे गंभीर घटना असते.

'मेड इन इंडिया' आलं 1995 साली. तेव्हा आमच्या घरात टीव्ही एकच होता आणि तो वडिलांच्या खुर्चीसमोर होता. राजकन्या झालेली अलिशा एकेका देशाच्या नवरदेवाला नाकारते आणि शेवटी लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण उघडा बाहेर येतो. आई पोळ्या लाटता लाटता डोकावून म्हणाली होती, "कोकणस्थ दिसतोय. थंडी वाजेल त्याला." त्यानंतर ते गाणं लागलं की आई लाटणं हातात घेऊनच बाहेर यायची आणि खोकं उघडेपर्यंत उभी राहायची.

तर नियम ठरवणं भाग होतं. मेव्हण्याचा नियम सोपा: कलाकाराचं नाव घ्यायचं आणि समोरच्याला म्हणायचं, "दुसरं गाणं सांगा." दहा आकड्यांत सांगता आलं नाही तर तो वन हिट वंडर. या नियमात त्रुटी एवढीच, की शिक्षा होते गायकाला आणि स्मरणशक्ती तपासली जाते आमची.

भाच्यानं फोन काढला. त्याचा नियम आकड्यांचा. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत पहिल्या चाळिसात एकच गाणं आलं असेल तर तो एका गाण्याचा धनी, विषय संपला. विषय संपला नाही, कारण या हिशेबानं जिमी हेंड्रिक्सही त्याच रांगेत उभा राहतो. अमेरिकेत पहिल्या चाळिसात त्याचं एकच गाणं गेलं, 1968 साली, तेही विसाव्या नंबरपर्यंत, आणि तेही मुळात बॉब डिलनचं. ग्रेटफुल डेड हे मंडळ 1965पासून गावोगाव वाजवत होतं. त्यांचं गाणं पहिल्या चाळिसात शिरलं ते 1987मध्ये. ज्या वहीत हेंड्रिक्स आणि 'मकारेना'वाले एकाच पानावर येतात, ती वही मिटलेलीच बरी. भाच्यानं फोन मिटला नाही, पण थोडा वेळ उलटा ठेवला.

आपल्याकडे तर वहीच नाही. अमीन सयानींची गीतमाला होती, पायदान होतं, पण ते सिनेमाच्या गाण्यांचं. अल्ताफ राजाच्या 'तुम तो ठहरे परदेसी'चं पायदान कुणी ठेवलं? नव्वदच्या दशकात एसटी स्टँडबाहेर एक कॅसेटची टपरी असे आणि शेजारी रसवंती. चरकाच्या घुंगरांवर अल्ताफ राजाचा ठेका इतका चपखल बसायचा, की उसाचा रस प्यायला की अजूनही मला परदेसी आठवतो. आमच्याकडचा चार्ट हाच.

मंचर मागे पडेपर्यंत वाद विलायतेला पोचला होता. 'कुंग फू फायटिंग'. 1974 साली ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिला नंबर. गायक कार्ल डग्लस, जन्मानं जमैकाचा. निर्माता मात्र आपला, बंगळूरुचा बिद्दू. गंमत म्हणजे हे गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला भरायला म्हणून घाईत उरकलेलं. घरातला मोठा मुलगा इंजिनिअर व्हावा म्हणून जीव टाकावा आणि धाकट्यानं वडापावच्या गाडीवर बंगला बांधावा, तसं झालं. पुढचं गाणं कार्लनं त्याच कणकेचं लाटलं, 'डान्स द कुंग फू'. ते ब्रिटनमध्ये पस्तिसाव्या नंबरवर थांबलं आणि अमेरिकेत अठ्ठेचाळिसाव्या. म्हणजे भाच्याच्या नियमानं हा गृहस्थ अमेरिकेत वन हिट वंडर, आणि विमानानं लंडनला उतरला की नाही!

बिद्दू तिथं थांबला नाही. 1980च्या 'कुर्बानी'त त्यानं पंधरा वर्षांच्या नाझिया हसनकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतलं, पाठोपाठ 'डिस्को दीवाने' केलं, आणि 'मेड इन इंडिया'ही त्याचंच. दुसऱ्यांना त्यांचं ते एक गाणं देत हा माणूस हिंडत राहिला. हे कळल्यावर मेव्हणा म्हणाला, "म्हणजे सगळा घोटाळा एकाच माणसाचा."

माझं स्वतःचं दुखणं वेगळं होतं. आ-हा या नॉर्वेच्या तिघांना कुणी एका गाण्याचे म्हटलं की मला राग येतो. 'टेक ऑन मी'च्या व्हिडिओतला पेन्सिलीनं काढलेला हात चित्रकथेतून बाहेर येतो, तो सगळ्यांना आठवतो. ब्रिटनमध्ये ते गाणं दुसऱ्या नंबरवर अडलं आणि त्याच्या पुढचंच गाणं पहिल्यावर गेलं, हे कुणाला आठवत नाही. त्यांनी बाँडपटाचं शीर्षकगीत केलं. 1991 साली रिओच्या माराकाना मैदानात लाखाहून अधिक लोक त्यांना ऐकायला उभे होते. एवढं सगळं मी हातवारे करून सांगितलं.

"काका," भाचा म्हणाला, "त्यातलं एखादं गुणगुणून दाखवा ना."

मी 'टेक ऑन मी' गुणगुणलो. दुसरं येत नव्हतं.

नारायणगावच्या चहापर्यंत अबोला टिकला. मग 'मकारेना' लागलं आणि सगळे एकदम हात पुढे करू लागले. मेव्हण्याला स्टिअरिंग धरायला सांगावं लागलं. 'मकारेना'वाले म्हणजे सेव्हिलजवळच्या दोस एर्मानास गावचे दोघे गायक, 1962पासून जोडीनं गात होते. गाणं 1993चं. मायामीत कुणी त्याला इंग्रजी शब्द आणि नवा ठेका जोडला आणि 1996मध्ये ते चौदा आठवडे अमेरिकेच्या डोक्यावर बसलं. तोवर दोघांची पन्नाशी जवळ आली होती. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगलाही ते होतं. कडव्याच्या शेवटी उडी मारून वळायचं असतं. मी उलटा वळलो आणि शेजारच्या मुलीच्या नाकासमोर आलो. तिचं नाव सांगत नाही, ती मागच्या सीटवर बसली होती.

"आपण एकवचनी म्हणतो, एकबाणी म्हणतो," बायको अचानक म्हणाली. "रामानं दुसरा बाण मारला नाही, याला कुणी कमीपणा म्हणत नाही. मग हे एकगाणी."

हा मुद्दा कुणालाच खोडता येईना. आळेफाट्यापर्यंत कुणी बोललं नाही. मेव्हण्यानं मग सूड म्हणून 'ऐका दाजीबा' लावलं आणि प्रत्येक दाजीला माझ्याकडे बोट केलं. वैशाली सामंत एकगाणी नाही, एवढ्यावर मात्र एकमत झालं.

संगमनेरला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. मावशींच्या साटोऱ्या आमच्या सासरी प्रसिद्ध आहेत. इतक्या, की मावशींना स्वयंपाकघरात दुसरं काही येतं का हे मला गेल्या बावीस वर्षांत विचारावंसं वाटलेलं नाही. ताटं वाढली. ताटात हुलग्याचे शेंगोळे होते, बाजरीची भाकरी, कच्चा कांदा, तेल, आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची चटणी. शेंगोळ्यांचा रस्सा असा, की मेव्हणा दोनदा वाटी घेईपर्यंत मान वर करेना.

"कसे झालेत?" मावशी भाच्याकडे बघत होत्या.

"भारी झालेत," भाचा म्हणाला. मग त्याची नजर ताटाच्या उजव्या कोपऱ्यात गेली, तिथून ओट्याकडे, तिथून फडताळाकडे. "आजी, साटोऱ्या?"

मावशींनी आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि फडताळाच्या वरच्या खणातला डबा काढायला त्यांनी स्टूल ओढलं.